सुरमी कशाला बुजली

आमच्या पंचक्रोशीत बोलवा आहे, की अजीज मिस्त्री संदलच्या दिवशी घोडीला गुळातून अफू चारतो. नाहीतर ताशे कडाडतायत, लोबानाचा धूर डोळ्यांत जातोय, पायाखाली कालव्याच्या पुलाचा पत्रा धडधडतोय, आणि त्यातून ही सुरमी अशी चालते, जशी शेजारणीकडे विरजण मागायला निघालीय. एसटी थांब्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या केशरबाई तर शपथेवर सांगतात. “आगं, डोळं बघ की तिचं! आर्धं मिटल्यालं. माझा चुलता आफू घिऊन आस्साच बसायचा. मला नगं शिकवू.”

तर, केशरबाईंना चुलता नव्हता. अजीजने अफू जन्मात पाहिलेली नाही. आणि सुरमीचे डोळे तसेच आहेत जन्मापासून. पांढऱ्या तोंडावर पापण्यांच्या कडेनं काळी रेघ ओढल्यासारखी, म्हणून तर तिचं नाव सुरमी. पण गंमत अशी, की कुणी हा अफूचा विषय अजीजच्या तोंडावर काढला, तरी तो नाही म्हणत नाही. वेल्डिंगची काळी काच डोळ्यांवर ओढतो आणि ठिणग्या उडवायला लागतो. कारण नाही म्हटलं की खरं काय ते सांगायला लागतं, आणि ते सांगायची वेळ आली की त्याला वाटतं, अफूच बरी होती.

अजीज आमच्या तळेवाडीचा वेल्डर. पन्नाशी उलटलेला, अंगानं वाळका, हात मात्र पकडीसारखे. फाट्यावर त्याचं पत्र्याचं शेड आहे. उसाच्या ट्रॉलीचा हूक तुटला, कांदाचाळीची जाळी निखळली, शेततळ्याच्या कुंपणाचं दार वाकलं, की पारनेरपर्यंत न जाता लोक अजीजकडे येतात. अंगात बारा महिने एकच खाकी शर्ट, ठिणग्यांनी भोकं पडून पडून चाळणी झालेला. बोलायला लागला की आधी ‘मी काय म्हन्तो’, मग एक मोठा श्वास, आणि मग बऱ्याचदा काहीच नाही. समोरचा कंटाळून ‘बरं बरं, तसंच करू’ म्हणतो आणि निघून जातो.

ह्या माणसाच्या घरात घोडी कशाला, असं परगावचा माणूस विचारतो. घोडी आहे मानामुळे. गावाबाहेरच्या टेकडीवर पीरसाहेबांचा दर्गा आहे. उरुसाला संदल निघतो. उगाळलेल्या चंदनाचा कटोरा हिरव्या कापडात बांधून घोडीच्या खोगिरावर ठेवायचा आणि वाजतगाजत टेकडीवर न्यायचा. कटोरा निघतो रंगनाथतात्यांच्या घरून. तात्या शेतकरी, चौऱ्याहत्तर वर्षांचे, हाडानं अजून ताठ. चंदन उगाळायचा आणि कटोऱ्यावर छत्र धरायचा मान त्यांच्या घराण्याचा, घोडी आणायचा मान अजीजच्या घराण्याचा. एक हिंदूचं घर, एक मुसलमानाचं. हे कुणी ठरवलं ते कुणाला सांगता येत नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. लाल साटिनीचं, सोनेरी झालरीचं ते छत्र तात्यांनी चाळीस वर्षं धरलं. अजीजच्या बापाच्या वेळेपासून.

बापाची जुनी घोडी बावीस वर्षांची होऊन मेली, तेव्हा अजीजनं मालेगावच्या बाजारातून सुरमी आणली. चार वर्षांची, देखणी, आणि डोक्यात सदा भुईनळा पेटलेला. वाऱ्यानं गोणपाट हललं की बुजायची. ठिबकच्या नळीचं वेटोळं दिसलं की चारी पाय फाकून उभी. एकदा तर स्वतःच्याच सावलीला घाबरून तिनं केशरबाईंच्या टपरीचा बाक उलथवला होता, वर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांसकट.

आणि संदलची वाट म्हणजे अशा घोडीसाठी मुद्दाम मांडल्यासारखी. आधी गावातली बोळ. मग टरबुजाची शेतं, जिथं वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा चंदेरी कागद वाऱ्यानं फडफडतो. पुढं शेततळं, त्याचं काळं प्लास्टिक काठावरनं सुटून जिभेसारखं वळवळतं. मग कालव्यावरचा पूल, नुसत्या लोखंडी पत्र्याचा, माणूस चालला तरी ढोलासारखा वाजणारा. आणि मग टेकडीची चढण. बापाच्या काळी ह्यातलं निम्मं नव्हतं.

उरुसाला आठ महिने होते. रोज संध्याकाळी शेड बंद केलं, की अजीज तसाच, त्या खाकी शर्टात, घोडीकडे जायचा.

“मी काय म्हन्तो,” तो बायकोला, बानूचाचीला सांगायचा, “हिला वढायचं न्हाई. हिला बघू द्यायचं.”

“बघू द्या. पन माझ्या धुन्यावर नका सोडू,” बानूचाची म्हणायची.

गोठा आणि पाण्याचा हौद ह्यांच्या मधोमध अजीजनं खताची रिकामी गोणी अंथरली. सुरमी फुरफुरली, मागं सरली. अजीजही तिच्याबरोबर दोन पावलं मागं सरला आणि गोणीकडे पाठ करून उभा राहिला, जणू गोणी तिथं नाहीच. दोरी सैल. घोडीचं डोकं वर, कान पुढं, नाकपुड्या वाटीएवढ्या. मग हळूहळू डोकं खाली यायचं, तोंडात काही नसताना ती चघळल्यासारखं करायची. तिनं चघळलं, की अजीज एक पाऊल पुढं. ती पुन्हा ताठली, की हा पुन्हा मागं. पहिले चार दिवस घोडी तहानलेलीच परत फिरली आणि मग अजीजनं तिला बादलीनं पाणी पाजलं. बघणारे हसायचे. “मिस्त्री, गोनीची पूजा चाललीय का?” अजीज म्हणायचा, “मी काय म्हन्तो...” आणि श्वास घ्यायचा, तोवर ते गेलेले असायचे.

पाचव्या दिवशी सुरमीनं मान लांब केली. गोणीकडे नाही, अजीजकडे. त्याच्या खाकी बाहीत तिनं नाक खुपसलं, एक मोठा श्वास आत घेतला, आणि गोणीवर पाय ठेवला.

तिथून तिला ती सवयच लागली. नवीन काही आलं, की थांबायचं, बाही हुंगायची, आणि पाऊल टाकायचं. मल्चिंगचा कागद असाच झाला. नळीचं वेटोळं झालं. अजीजनं अंगणात लोखंडी पत्रा टाकला, आधी जमिनीवर, मग विटांवर, म्हणजे वाजेल. तेही झालं. बानूचाची दर गुरुवारी गोठ्याच्या दारात लोबान जाळायची आणि भाकरी थापताना मधेच ताट बडवायची. तात्या एका संध्याकाळी छत्र घेऊन आले, ते अंगणात उघडून मिटून दाखवलं. सुरमीनं छत्राची झालर चाटून बघितली.

“लई गुनाची केलीस रं,” तात्या म्हणाले. “तुज्या बापाची घोडी छत्राला मरंस्तोवर कान मागं करायची.”

अजीज लाजला. त्या रात्री जेवताना त्याने ते वाक्य बानूचाचीला दोनदा सांगितलं.

संदलच्या आदल्या दिवशी मुलगी आली, मेहरीन, नगरला दिलेली. बापासाठी तिनं पांढराशुभ्र पठाणी सदरा आणला होता, कडक इस्त्रीचा, आणि एक अत्तराची बाटली. “अब्बा, उद्या सगळ्या गावाची नजर तुमच्यावर असणार.” दुसऱ्या दिवशी दुपारी अजीज न्हाला, दाढी कोरली, पठाणी चढवला. बानूचाची म्हणाली, एक थेंब पुरे. त्याने दोन्ही बाह्यांवर बाटली कलंडवली. त्याच्या बापाचा तोरा आख्ख्या गावाला माहीत होता, आणि आज गाव म्हणणार होतं, पोरगा बापाच्या वर निघाला.

तात्यांच्या दारात सुरमीवर कटोरा चढला. ताशे सुरू झाले. पहिल्या पावलापासूनच काहीतरी बिनसलं होतं. सुरमी सारखी मान वळवून अजीजच्या बाहीकडे नाक न्यायची आणि चटका बसल्यासारखी मान झटकायची. अजीजला वाटलं, गर्दी बघून चेकाळलीय. त्यानं लगाम आखूड धरला. कागदाची शेतं तिनं तिरकी तिरकी ओलांडली. शेततळ्यापाशी घामानं चिंब झाली होती. पुलावर आल्यावर वारा सुटला. छत्राची झालर एकदा खाली येऊन वर गेली. सुरमी थांबली, नेहमीसारखं नाक बाहीत खुपसलं, श्वास घेतला, आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

कटोरा पत्र्यावर आपटला, घरंगळला, कालव्यात पडला. हिरवं कापड फुगून वर आलं, त्याच्या भोवतीनं चंदनाचं पिवळं पाणी पसरत गेलं. आधी ताशा थांबला. ढोल दोन ठोके उशिरा थांबला. पिपाणीवाल्याचे डोळे मिटलेले होते, तो बिचारा एकटाच आणखी निम्मी ओळ वाजवून गेला. मग इतकं शांत झालं, की पत्र्याखालचं पाणी ऐकू यायला लागलं.

चारशे माणसं अजीजकडे बघत होती. आणि ह्या माणसानं, ज्याला एरवी वाक्य पुरं करता येत नाही, एका दमात सगळं पुरं केलं.

“तात्या! छत्र सांभाळंना तर धरता कशाला? झालर आनली का न्हाई तिच्या डोळ्यावर? हात थरथरतोय तुमचा! कवाधरनं बघतोय मी!”

त्यानं काहीच बघितलेलं नव्हतं. तात्यांचा हात थरथरताना त्या दिवसापर्यंत कुणीच बघितला नव्हता. ते शब्द अजीजच्या तोंडात कुठून आले, हे त्यालाही सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की ते बाहेर पडल्याबरोबर चारशे माणसांच्या नजरा त्याच्यावरून उठल्या आणि तात्यांच्या हातावर जाऊन बसल्या, आणि त्याला बरं वाटलं.

तात्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. उजव्या, मग डाव्या.

“आसंल बाबा,” ते म्हणाले. “थरथरला आसंल.”

त्यांनी छत्र मिटलं, जवळच्या पोराच्या हातात दिलं, आणि टेकडीकडे न जाता गावाच्या दिशेनं चालू लागले.

नवीन चंदन उगाळून घाईघाईनं संदल पार पडला. गावानं अजीजची कीव केली. आठ महिन्यांची मेहनत बिचाऱ्याची, आणि म्हाताऱ्यानं घालवली. तात्या त्यानंतर केशरबाईंच्या टपरीवर आले, की कप दोन्ही हातांनी धरायचे. मग येईनासे झाले. केशरबाईंनी लगेच बातमी पुरवली. “नगरला दाखवलं म्हनं हात. डाक्टर म्हनला, काय न्हाई झालं आजोबा, हात ठणठणीत हाय. ह्यांचा इस्वासच बसंना. म्हनत्यात, आख्ख्या गावानं बघितलं, डाक्टरला काय कळतंय.”

अजीजनं हे ऐकलं आणि चहा अर्धा ठेवून उठला. तरीही तोवर त्याची खात्री होती, की झालर आली होती. आपण बोललो ते वाईट बोललो, पण खोटं नाही बोललो. माणसाला एवढं पुरतं.

पाच महिन्यांनी नगरला भाचीचा निकाह होता. अजीज तोच पांढरा पठाणी घालून गेला, तेच अत्तर लावून. चारच्या एसटीनं परत आला. बानूचाची मेहरीनकडे थांबली होती. घोडी दुपारपासून उपाशी असेल, म्हणून कपडे न बदलता तो तसाच गोठ्यात शिरला.

सुरमीनं त्याच्याकडे पाहिलं, मान लांब केली, बाहीपाशी नाक आणलं. आणि ताठली. मागं सरली, भिंतीला टेकली, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. तिच्या स्वतःच्या गोठ्यात. ना ताशा, ना पूल, ना छत्र.

“आगं, मी हाय,” अजीज म्हणाला.

ती फुरफुरली.

अजीजनं हळूच सदरा काढून खुंटीला लावला. बनियनवर उभा राहिला. सुरमी त्याच्याकडे आली, खांद्यावर नाक ठेवलं, चघळल्यासारखं केलं. त्यानं सदरा खुंटीवरून काढून पुढं धरला. ती पुन्हा भिंतीला. त्यानं शेडमधून तो खाकी शर्ट आणला, घाम, लोखंड आणि घोडीची लीद ह्यांच्या वासाचा, आणि पुढं धरला. तिनं तोंड त्यात घालून ठेवलं, बाहेर काढीना.

त्याचा बापही संदलला अत्तर लावून जायचा, पण तो रोजच लावायचा, घोडीला पाणी पाजतानासुद्धा. आठ महिने अजीजनं घोडीला जगातली एकूणएक भीती ओलांडायला शिकवली होती, आणि सगळी शिकवण एका बाहीला टांगली होती. ऐन दिवशी ती बाहीच तो घरी ठेवून गेला. पुलावर सुरमी थांबली, तिनं विचारलं, आणि तिला ओळखीचं कुणीच सापडलं नाही.

अजीज चाऱ्याच्या भाऱ्यावर बसला. घोडीला चारा टाकायचा राहिला, हे त्याला अंधार पडायला लागल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी बानूचाची परत आली, तेव्हा तो म्हणाला, “छत्र न्हवतं.”

“मंग काय हुतं?”

“मी हुतो.”

तिनं सगळं ऐकून घेतलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. “आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना.”

“सांगतो.”

तो गेला, पंधरा दिवसांनी. तात्या ओट्यावर बसले होते. “ये,” म्हणाले. अजीज म्हणाला, “मी काय म्हन्तो, कांदा काय भाव गेला?” तात्यांनी भाव सांगितला. अजीज परत आला. महिन्यानं पुन्हा गेला. “मी काय म्हन्तो, तुमच्या शेडनेटचं दार कुरकुरतंय का?” तात्या म्हणाले, “न्हाई.” तो तरीही दाराला तेल घालून आला. बानूचाचीनं रात्री ताटात भाकरी जरा जोरातच वाढली. “दाराला सांगून आलात व्हय? बरं झालं. दाराची लई काळजी लागली हुती मला.”

तिसऱ्यांदा तो गेला, तेव्हा मागच्या बाजूनं गेला, कांदाचाळीकडून. आणि तिथंच थांबला. तात्या अंगणात एकटे उभे होते. हातात छत्राच्या दांड्याएवढा बांबू, वर टोकाला जुन्या साडीची चिंधी बांधलेली. तो बांबू त्यांनी सरळ वर धरला होता आणि मान मागं करून चिंधीकडे बघत होते. चिंधी वाऱ्यानं हलली, की बांबू खाली घ्यायचे, वारा थांबायची वाट बघायचे, पुन्हा धरायचे. ओठ हलत होते. मोजत होते. साठपर्यंत मोजायचे, परत एकपासून.

अजीज आला तसाच पाय न वाजवता माघारी गेला. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की चोरी करून पळणाऱ्या माणसाला कसं वाटतं ते त्याला त्या दिवशी कळलं.

उरुसाला महिना उरला तेव्हा दर्ग्याच्या ओवरीत कमिटीची बैठक भरली. कमिटीचे अध्यक्ष समोर माईक नसला तरी माईक असल्यासारखे बोलतात, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरून. “तर! सर्व मानकरी मंडळी! विषय पयला! छत्र!”

तात्या उठले. नातवाचा, रविराजचा हात धरून म्हणाले, “ह्या वर्षापून छत्र ह्यो धरंल. माझा हात ऱ्हायला न्हाई. मागल्या साली माझ्यामुळं संदल पान्यात गेला. पीरसायबांनी माफी करावी, गावानं बी करावी.”

“आवो तात्या, माफी कशाला, वय झालं,” अध्यक्ष मोठ्या मनानं म्हणाले. दोनचार जणांनी माना डोलावल्या. विषय पहिला संपला होता.

“मी काय म्हन्तो,” अजीज म्हणाला.

सगळ्यांना सवय होती. लोक दुसऱ्या विषयाकडे वळले, मंडपवाला कोण. अजीज उभाच राहिला. पुन्हा म्हणाला, “मी काय म्हन्तो,” आणि श्वास घेतला, आणि यावेळी तो श्वास वाया घालवला नाही.

“तात्याचा हात थरथरला न्हवता. मी तसं काय बी बघितलं न्हवतं. घोडी मला बुजली. माझ्या आत्तराला. ह्ये मला सा महिन्यापून म्हाईत हाय, आन् मी बोललो न्हाई.”

ओवरीत एक माणूस हसला. त्याला वाटलं, विनोद आहे. मग त्यानं तात्यांकडे पाहिलं आणि तोंड बंद केलं.

अजीजनं सगळं सांगितलं, गोठा, खुंटी, शर्ट. सांगताना तो तात्यांच्या पायांकडे बघत होता, भेगाळलेल्या अंगठ्याकडे. शेवटी म्हणाला, “घोडीचा मान दुसऱ्याला द्यायचा आसंल तर द्या. मी आडवा येनार न्हाई.”

तात्यांनी रविराजच्या हातातला आपला हात पाहिला. मग म्हणाले, “आकरा महिनं मी माझ्या हाताकडं बघतोय, अजीज.”

“व्हय तात्या.”

“जेवताना बघतोय. झोपताना उशापाशी ठिवून बघतोय.”

“व्हय.”

“तुज्या बापासंगं मी ह्या वाटंनं चाललो. त्यो आसता तर मला म्हनला आसता, तात्या, घाल ह्याच्या मुस्काटात.” त्यांनी रविराजचा हात सोडला. “छत्र मी धरीन. घोडी तूच आन. मान काय मी कुनाचा घ्यायला बसलो न्हाई. पन तू त्या कापडात यायचं, ज्यात ती तुला वळखती. गाव पांढऱ्यात येऊ दे. तू त्या भोकाच्या शर्टात यायचं, म्होरं, सगळ्यांच्या म्होरं. घोडीसाठी.”

ते ‘घोडीसाठी’ त्यांनी असं म्हटलं, की ते फक्त घोडीसाठी नाही हे ओवरीतल्या खांबांनाही कळलं. आणि ते बरोबरही होतं, हे अजीजला कळलं.

त्या आठवड्यात मी सायकलचं कॅरिअर जोडायला त्याच्या शेडमध्ये गेले होते. गावात एकच चर्चा. कुणी म्हणे येईल, कुणी म्हणे कसा येईल, पीरसाहेबांच्या समोर लिदीच्या वासाच्या शर्टात. मी म्हटलं, “चाचा, तुम्ही नाही येणार त्या शर्टात. निदान धुऊन तरी घालाल. बानूचाची घालू देणारच नाही.”

“धुतला तर वास जाईल.”

“तेच म्हणतेय मी. आदल्या रात्री धुणार तुम्ही. लावा पैज.”

अजीजनं काच वर केली. “लावतो. काय लावायचं?”

“तुम्ही सांगा.”

त्यानं कॅरिअर उलटं करून सांधा तपासला. “जये, तू शाळंत तात्याची नक्कल करतीस म्हनं. छत्र धरलंय, हात लटलट हलतोय, मंग कटोरा पडतो. मेहरीननं कुनाच्या तरी मोबाईलवर बघितली.”

ती नक्कल माझी सगळ्यात गाजलेली. स्नेहसंमेलनात दोनदा करायला लावली होती.

“तुला कुनी दाखवलं, हात हलताना?”

“तुम्हीच म्हणालात ना, पुलावर.”

“व्हय. मीच म्हनलो.” त्यानं मान हलवली. “तू हरलीस, तर तात्याच्या दारात जायाचं आन् त्यांना सांगायचं. मी जिकलो तर दुसरं काय बी नगं.”

आणि मी हो म्हटलं, कारण मला खात्री होती.

संदलच्या दिवशी दुपारी उन्हं कलल्यावर आख्खं गाव तात्यांच्या दारात जमलं. पांढरे सदरे, जाळीच्या टोप्या, फेटे, अत्तरं. मेहरीनही आली होती, ती बापाकडे बघत नव्हती. अजीज सुरमीला घेऊन आला. खाकी शर्ट, उजव्या बाहीला कोपरापाशी तेलाचा डाग, पाठीवर भोकांतून बनियन दिसतेय. मुद्दाम पाहुण्यांसाठी अंथरलेल्या गालिच्यापर्यंत आला आणि थांबला. लोक थोडे बाजूला सरले. काही वाट देण्यासाठी, काही वासासाठी. माझ्या मागं कुणीतरी पोर कुजबुजलं, “वेल्डिंग करून आला का डायरेक?” अजीजच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो गालिच्यावरून चालला.

तात्यांनी छत्र उघडलं.

कागदाची शेतं गेली, शेततळं गेलं. पुलावर वारा होताच. ताशेवाल्यानं भीतीनं काठी हळू केली, तर अजीज मागं न बघता म्हणाला, “वाजव. जोरात वाजव.” पत्रा धडधडला. झालर खाली आली, सुरमीच्या कपाळाला घासून वर गेली. सुरमी थांबली. चारशे माणसं थांबली. तिनं त्या घाणेरड्या बाहीत नाक खुपसलं, इतका वेळ, की मला वाटलं आता ही झोपते. मग अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पाऊल टाकलं, आणि पुलावरून पलीकडे गेली.

तात्या तिच्या बरोबरीनं चालत होते, नजर वर, छत्राच्या टोकाकडे. अजीज पुढं, नजर खाली. असेच दोघं टेकडी चढले. वर कटोरा उतरवल्यावर तात्या म्हणाले, “घोडीला पानी दाव,” आणि अजीजनं दावलं. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही.

पैज मी हरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिले. चपला कुठं काढाव्या तेही सुचेना. मी सांगितलं, सगळं, दोन वाक्यांत, भराभर. तात्यांनी ऐकलं. म्हणाले, “करून दाव.”

“नको तात्या.”

“दाव म्हन्तो ना.”

मी केली. छत्र धरलं, हात हलवला, मान तशी केली, पावलं तशी टाकली, ‘आसंल बाबा’सुद्धा त्यांच्याच आवाजात म्हटलं. माझा कान चोख आहे, आवाज अगदी तसा आला. तात्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

“समद्या शाळंनं बघितली?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “हो.”

“मंग आता शाळंला सांग,” तात्या म्हणाले, “सगळ्यांच्या म्होरं.”